आधी रवा, मग पळा

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे ठिपकी म्हणतात. आधी गालावरच्या तिळामुळे म्हणायचे, आता तिच्या कामामुळे. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसून ती जुन्या धाटणीच्या व्हिडिओ गेमसाठी अक्षरं बनवते. चौकोनी ठिपक्यांची, ठोकळ्यासारखी गोड अक्षरं. एका अक्षराला उंची आठ चौकोनांची. त्यात वर मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. उरलेल्या जागेत बिचाऱ्या अक्षरानं अंग चोरून बसायचं.

"ताई, हा ळ बघ, चष्मा लावून आलाय!" असं म्हणत ती ताटाशेजारीच लॅपटॉप उघडायची.

"अगं, घास तोंडात घाल, डोळ्यात नको," आई ओरडायची.

तिच्या अक्षरांचा पहिला गेम प्रदर्शनात मांडला तेव्हा मीही गेले होते. गेममध्ये जंगल, मागे राक्षस. वाटेतली फळं खाल्ली की पायात बळ येतं. लोकांची ही रांग! तेवढ्यात एक उंच माणूस घाम पुसत आमच्याकडे आला. दातांचा डॉक्टर होता, हे नंतर कळलं.

"अहो, रवा कुठे ठेवलाय?"

"कसला रवा?"

"तुम्हीच लिहिलंय ना, 'आधी रवा, मग पळा'! सगळं जंगल पालथं घातलं. राक्षसानं चारदा खाल्लं मला."

ठिपकीनं पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. जागा वाचवायला तिनं ख च्या तळाचा जोडठिपका उडवला होता. र आणि व यांची फारकत झाली, आणि 'खा' चा झाला 'रवा'!

ती लाललाल झाली. मग जी हसत सुटली, ती थेट जमिनीवरच बसली. डॉक्टर आधी फुगला, मग त्यालाही आवरेना. गेमचा मालक मात्र रडकुंडीला आला. "ठिपके, अब्रू गेली गं!"

तिनं डोळे पुसत तिथंच ठिपका बसवला. ख एकसंध झाला, तर रांगेतून ओरडा, "आम्हाला रवाच हवा!" शेवटी मालकानं जंगलात झाडामागे रव्याचं एक पोतं लपवलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर खोलीवर हजर. "पोतं सापडलं," म्हणाला. दोन दिवसांनी पुन्हा आला. "तुमच्या र ला कीड तर नाही ना लागली, बघायला आलो." मग जिना चढायला त्याला कारणच लागेना.

"त्या खोलीत इतके दात दुखतात तरी कुणाचे?" आईनं विचारलं. उत्तर लग्नाच्या पत्रिकेवरच आलं, तेही ठिपक्यांच्या अक्षरांत. काकांनी पत्रिका भिंतीला टेकवली, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले आणि ओरडले, "दिसली, तारीख दिसली!"

परवा भर दुपारी ठिपकीचा फोन. "ताई, बसला! बसला गं एकदाचा!"

"कोण बसला? कुठे?"

"ज्ञ! आठ चौकोनांत! मी धावत ह्यांच्या दवाखान्यात आलेय सांगायला. खुर्चीतला पेशंटसुद्धा खूश झालाय. तोंड उघडं आहे म्हणून बोलता येत नाहीये, पण टाळ्या वाजवतोय!"