डिझेल फिटरच्या मुलीने लिहिलेली टिपणी

खराडीतल्या एका कंपनीत मी कर्मचाऱ्यांच्या बसचं काम बघते. मागच्या उन्हाळ्यात ठेकेदाराच्या डिझेल बस बदलायची वेळ आली. पुन्हा डिझेलच्याच घ्यायच्या की विजेवरच्या, यावर साहेबांनी मला टिपणी लिहायला सांगितली.

माझे बाबा शहराच्या बस डेपोत तीस वर्षं डिझेल फिटर होते. खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर उभ्या असलेल्या बसचं पोट उघडायचं, हेच त्यांचं ऑफिस. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. माझं सगळं शिक्षण त्याच कामावर झालं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सकाळचा खोकला तेवढा राहिला. डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं तेव्हा म्हणाले, "अहो, मी सुपारीसुद्धा खात नाही."

त्यामुळे माझं मत आधीच झालं होतं. दोन संध्याकाळी बसून टिपणी लिहिली आणि रविवारी विश्रांतवाडीला जाऊन बाबांना वाचून दाखवली. धूर नाही, इंधनाचा खर्च कमी, घ्यायला महाग पण पुढे वसूल. मला वाटलं, खूश होतील.

"छान आहे," ते म्हणाले. "विकणाऱ्याने लिहिली असती तर अशीच लिहिली असती."

मला राग आला. "म्हणजे तुम्हाला डिझेलच हवंय? हा खोकला घेऊन?"

"मी कुठे तसं म्हटलं? धूर खराडीतून गेला, पण वीज कशावर होते? बरीचशी कोळशावरच ना? जिथे तो जळतो तिथेही कुणाचा तरी बाप खोकत असेल. तरी सिग्नलला तासन्तास उभ्या राहणाऱ्या गाडीत डिझेल जाळण्यापेक्षा वीज बरी, हे मलाही कळतं. पण बॅटरी संपली की कुठे टाकणार? आणि ठेकेदाराकडचे फिटर काय करणार? यातलं काहीच तू लिहिलं नाहीस."

मी टिपणी घडी घालून पिशवीत ठेवली. निघताना मात्र त्यांना म्हटलं, "बुधवारी चाचणीसाठी बस येतेय. तुम्ही या."

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. ठेकेदाराचा एक फिटरही होता, चाळिशीतला, हात मागे बांधून लांबच उभा. बस सुटली. गाडीत इतकी शांतता होती की मागच्या बाकावरचं बोलणं पुढे ऐकू येत होतं. मुंढव्याच्या पुलाकडे वळल्यावर बाबांनी मान तिरकी करून कान दिला.

"पुढचं डावं चाक. सांध्यातलं रबरी बुश गेलंय."

विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हसला. "काका, गाडी नवी आहे."

"असेल. बुश गेलंय."

परत आल्यावर फिटर गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फाटलेला रबराचा तुकडा होता. इंजिनिअरने तो घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"डिझेलच्या गाडीत हा आवाज इंजिनाखाली दबतो," बाबा म्हणाले. "इथे त्याला लपायला जागा नाही."

फिटर बाबांच्या जवळ येऊन उभा राहिला. "काका, इंजिनच नाही म्हटल्यावर आमचं काय राहिलं?"

"चाकं राहिली, ब्रेक राहिले, दरवाजे राहिले. विजेचं तेवढं शीक. मीही पहिल्या दिवशी इंजिनाला घाबरलो होतो."

त्या आठवड्यात मी टिपणी नव्याने लिहिली. जवळच्या, गर्दीच्या मार्गांवर विजेच्या बस. दुपारी त्या आपल्याच आवारात चार्ज होतील. हिंजवडीची लांबची फेरी सध्या डिझेलवरच. विकणाऱ्याकडून जुनी बॅटरी परत नेण्याची लेखी हमी. आणि शेवटची अट, आहे त्या फिटरांना प्रशिक्षण.

"हे शेवटचं ठेकेदाराचं काम आहे. आपण कशाला?" साहेबांनी विचारलं.

"सर, नाहीतर गाड्या नीट राहणार नाहीत," मी म्हटलं. मग खरं तेही सांगितलं, "आणि मी एका फिटरची मुलगी आहे."

त्यांनी दोन दिवस फाइल ठेवून घेतली. मग सही केली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात एकदा चार्जर बंद पडला, लोक दीड तास खोळंबले आणि मला भरपूर ऐकावं लागलं. पण गेटवरचा सुरक्षारक्षक आता बसशेजारी उभा राहून डबा खातो. आधी धूर नको म्हणून तो पार कुंपणापाशी जायचा.

तो फिटर प्रशिक्षण घेऊन आला. आता काही अडलं की बाबांना फोन करतो आणि दोघे अर्धा-अर्धा तास बोलतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण माझी पहिली टिपणी बाबांनी नुसतं छान म्हणून सोडून दिली नाही, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. त्यांना तसं एकदा म्हटलंही. "दुसऱ्या टिपणीत शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत," ते म्हणाले.