एक डबा पाणी

महदिया या समुद्रकाठच्या गावातल्या एका लहान मशिदीचा मी राखणदार. झाडतो, चटया झटकतो, गळक्या तोट्या बदलतो आणि नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला, म्हणजे वजूला बसलेल्या लोकांवर खेकसतो. गल्लीत मला अम्म तिजानी म्हणतात, म्हणजे तिजानीकाका. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे आणि त्याची मला फिकीर नाही. पण एका माणसाला मी गरजेपेक्षा जास्त बोललो, ते अजून सलतं. तो म्हणजे खमीस.

खमीस रेशीम विणायचा. नवरीच्या अंगावरची जरीची शाल त्याच्या हातमागावरून उतरली की बायका उलटीसुलटी करून बघायच्या, चूक सापडायची नाही. हाच माणूस वजूला बसला की संपलं. हात धुतले, तोंड धुतलं, कोपरापर्यंत आला की थांबायचा. तोंड नीट धुतलं का? चला, पुन्हा पहिल्यापासून. आत नमाज संपायची, लोक चपला घालून घरी निघायचे, तरी हा तिसऱ्या नळाशी बाह्या सरसावून बसलेला. 'खमीस नळवाला' हे नाव मीच ठेवलं. लोक हसले आणि मला मोठी फुशारकी वाटली.

त्याची बायको रशीदा चार वर्षं टिकली. पाहुण्याने हात मिळवला तरी हा उठून आंघोळीला जायचा. जाताना ती म्हणाली, "मी नवऱ्याशी लग्न केलं होतं, न्हाणीघराशी नाही." ती मोनास्तीरला माहेरी गेली. मग घरात तो आणि त्याची म्हातारी आई, लल्ला शलबिया. दुकानदार मंडळी दुपारी एका ताटाभोवती बसून मासा आणि कुसकुस खायची, तेव्हा हा मागापाशी भिंतीकडे तोंड करून पाव खायचा. कुणी बोलवेनासं झालं. मीही नाही बोलावलं.

त्याचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. जनाज्याची नमाज ती केवढी? ना वाकणं, ना बसणं. उभ्या उभ्या चार वेळा अल्लाहु अकबर म्हणायचं की झालं. एकदा चुकली की रांगेत उभं राहायची वेळ पुन्हा येत नाही. खमीस नळाशी होता. अंगणातून चौथी हाक ऐकू आली तेव्हा तो डाव्या कोपरावर होता. ओल्या हातांनी धावत आला तर जनाजा खांद्यांवर चढलेला. त्याचा चेहरा मी बघितला, आणि तरीही म्हणालो, "बापापेक्षा पाणी प्यारं का रे तुला?" जीभ झडायला हवी होती माझी.

आमच्याकडे या प्रकाराला वसवास म्हणतात. सैतान कानात कुजबुजतो, तो वसवास. इमामसाहेबांनी सांगितलं, "सैतानापासून अल्लाहकडे पनाह माग, आसरा माग, आणि पुढे जा. अंग एकदा धुतलं तरी वजू होतो." बिचाऱ्याने मागितली. मग पनाह नीट मागितली का, उच्चार चुकला का, म्हणून तीही सात सात वेळा मागायला लागला. एक होतं, त्याची दोन दुखणी झाली.

त्यात माझी भर. तो मान वर करून विचारायचा, "अम्म तिजानी, डोक्यावरून हात फिरवला ना मी?" मी म्हणायचो, "फिरवला बाबा, फिरवला, ऊठ आता." तो उठायचा, चार पावलं जायचा आणि परत यायचा. "तुमचं लक्ष होतं ना?" नऊ वर्षं मी अशी साक्ष दिली. वाटायचं, पुण्य करतोय.

मागच्या वर्षी शलबियाने अंथरूण धरलं. तोंडाने फटकळ बाई. मी भेटायला गेलो तेव्हा तिने माझ्यादेखतच लेकाला सुनावलं, "बापाच्या वेळी नळाशी होतास. माझ्या वेळी कुठे असशील? आधीच सांग, म्हणजे मी तशी मरते." मी निघालो तेव्हा तो गल्लीच्या तोंडापर्यंत मागोमाग आला आणि म्हणाला, "तिच्या नमाजेला मी पोचायला हवं, अम्म तिजानी. एवढंच हवंय." मग तिथेच भिंतीला टेकून रडला. पन्नाशीचा माणूस.

दुसऱ्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात गेला. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "मनाच्या डॉक्टरची तारीख पाच महिन्यांनी मिळेल. तोवर हे वाच आणि यात लिहिलंय तसं कर." हातात एका पुस्तकाची चाळीस पानांची झेरॉक्स दिली. वर मोठ्या अक्षरात तोच शब्द, वसवास, आणि पुढे 'आजार'. खमीसने ते पान मला दाखवलं. "बघा, आजार लिहिलंय. म्हणजे माझं ईमान कच्चं नाही."

"सैतानाला एवढा वेळ असतो का, रोज पाच वेळा तुझ्या कोपरात बसायला?" मी म्हणालो. तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पुस्तकाचं म्हणणं साधं होतं. शंका येऊ दे. तिचं ऐकून पुन्हा धुवू नकोस. भीती शंभरातली किती, तो आकडा लिही आणि ती आपोआप उतरेपर्यंत बसून राहा. सोप्यापासून सुरू कर, अवघडाकडे जा. खमीसने घरच्या भिंतीवर यादी लावली. तळाला 'दाराच्या कडीला हात लावून पाव खाणे', मध्ये 'पाहुण्याशी हात मिळवणे', सगळ्यात वर 'एक डबा पाणी, एक वजू'. डबा म्हणजे टोमॅटोच्या लगद्याचा रिकामा पत्र्याचा. त्यात बसेल तेवढंच पाणी, नळाला हात लावायचा नाही.

आणि एक पान माझ्यासाठी होतं. जवळच्या माणसांनी खात्री देऊ नये, असं त्यावर छापलेलं. "मी विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही," खमीस म्हणाला.

"दिसत असलं तरी?"

"दिसत असलं तरी."

हे माझ्या जिवावर आलं. यादी चढत तो डब्यापर्यंत आला, त्या पहिल्या दिवशी डबा रिकामा करून त्याने विचारलं, "कान पुसले ना?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने माझी बाही धरली, "एकदाच सांगा, तुमच्या पाया पडतो." मी बाही सोडवून घेतली आणि झाडू घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथून बघितलं तर तो रिकाम्या डब्यासमोर बसलेला, वही मांडीवर, अगदी एकटा. पाऊण तास बसला. मग वहीत लिहिलं, नव्वदाचे पस्तीस.

दोन महिने हे चाललं. कधी डबा भिरकावून नळाकडे धावला, दोनदा तर अर्धा तास नळ सुरू ठेवून धूत बसला. "हरामखोर पुस्तक," असं ओरडून दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन आला. पाऊण तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याची दहा मिनिटं. माझ्याशी बोलणं मात्र कमी झालं. विचारायचंच नाही म्हटल्यावर बोलणार काय? नऊ वर्षांत आम्ही दुसरं काही बोललोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

शलबिया एका सकाळी गेली. दुपार उलटल्यावरच्या, असरच्या नमाजेनंतर जनाजा ठेवला. खमीस डबा घेऊन तिसऱ्या नळाशी बसला. लोक अंगणात रांगा लावत होते, नळांशी आम्ही दोघंच. हात, तोंड, कोपर, डोकं. एकेकदा. मी बघत होतो. मग पाय. उजवा धुतला. डाव्या पायाला पाणी कमी पडलं. बोटं भिजली, घोटा भिजला, टाच तशीच राहिली, धुळीने पांढरी. मला स्वच्छ दिसली.

टाच कोरडी तर वजू नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. छत्तीस वर्षं मशिदीत घालवलेला माणूस मी, माझ्या जिभेवर शब्द आला होता. खमीस रिकाम्या डब्यात बघत बसला. हात नळाकडे गेला, तसाच मागे आला. मी सांगितलं असतं तर तो आजही त्या नळाशीच बसलेला असता. मी गिळलं. तो उठला आणि पहिल्या रांगेत माझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला. चार वेळा अल्लाहु अकबर झालं. प्रत्येक वेळी त्याचा आवाज मला ऐकू आला. माझी नमाज कसली झाली, ते अल्लाह बघून घेईल.

आमचं कब्रस्तान समुद्राच्या टोकावर आहे. माती देऊन लोक पांगले. खमीस कबरीपाशी उकिडवा बसून राहिला, मी थोडा मागे. बऱ्याच वेळाने वळून न बघताच तो म्हणाला, "टाच कोरडी राहिली होती बहुतेक. की शंकाच होती, कळलं नाही. तुम्हाला दिसलं असेल. सांगू नका."

वारा जोरात होता. घरी आता त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं आणि तो उठत नव्हता.

"पण मी होतो ना रांगेत?" त्याने विचारलं.

पुस्तकाने मला बजावलं होतं. गेलं पुस्तक खड्ड्यात. मी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतास," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत होतास. मी बघितलंय."