सांदवाडीतला सेक्शन

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोणतीही वस्तू आधी ठोकून पाहत आणि मग वापरत. खाट, माठ, दाराची चौकट, पाहुणा बसायच्या आधी त्याची खुर्ची. लग्न होऊन मी वरठीच्या घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या लोखंडी पेटीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, "पेटी चांगली आहे. डावा कब्जा ढिला आहे."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "आता सुनेलेबी ठोकून पाहता का?" त्या म्हणाल्या. सगळे हसले. मी नंतर पेटी उघडून पाहिली. डाव्या बिजागरीचा एक स्क्रू खरोखरच निघाला होता.

मामाजी रेल्वेत चाबीवाले होते. रूळ ज्या लोखंडी पाचरींनी खालच्या आडव्या स्लीपरला आवळून धरलेला असतो, त्यांना लाइनवर काम करणाऱ्या गँगची माणसे चाबी म्हणतात. गाड्यांच्या धडधडीने त्या सैल होतात, कधी निघून पडतात. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन चाबीवाल्याने रोज आपला सेक्शन, ठरवून दिलेला तुकडा, पायी तपासायचा. जाताना एक रूळ, येताना दुसरा. मामाजींचा तुकडा वरठी स्टेशनपासून नागपूरच्या बाजूला सहा किलोमीटर होता. माझे यजमान नागपूरला नोकरीला होते आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने त्याच तुकड्यावरून जात. बाप रूळ पाहतो आणि मुलगा त्यावरून जातो, यात आमच्या घरी कुणाला काही विशेष वाटत नसे.

माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामाजींनी घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, स्वतःची लाइन टाकायला घेतली. कारल्याचा मांडव, जामाचे म्हणजे पेरूचे झाड, विहीर आणि कपडे वाळत घालायची जागा यांना वळसा घालून साठ हातांचा फेरा. मालाच्या खोक्यांना बांधून येणाऱ्या लोखंडी पट्ट्या सरळ करून त्यांनी रूळ केले. सागाच्या फळीचे बोटभर तुकडे पाडून स्लीपर केले, त्यांना करवतीने खाचा पाडल्या, खाचांत पट्ट्या उभ्या बसवल्या आणि बांबूच्या बारीक पाचरी ठोकून त्या आवळल्या. पाचशेच्या वर पाचरी. त्यांनाही ते चाबीच म्हणत. चाळणीने चाळलेली गिट्टी घातली. दोन पट्ट्यांच्या सांध्यात नखाएवढी फट ठेवली. यजमान म्हणाले, "बाबा, एवढी फट कायले?" तर म्हणाले, "उन्हाळ्यात लोखंडालेबी आंग पसराले जागा लागते. तुह्या मायले विचार, एका खाटेवर तीन पाहुने झोपवले का काय होते."

इंजिनाचे पोट म्हणजे बंद पडलेल्या टेबलावरच्या घड्याळाची स्प्रिंग होती. वर डब्याच्या पत्र्याची टोपी. चाके मात्र खरी देखणी होती. भंडाऱ्याला पितळी भांडी करणारा त्यांचा एक दोस्त होता, त्याने ती ओतून आणि घासून दिली होती. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली तरी गाडी अर्धा फेराच जाई आणि विहिरीपाशी थांबे. मामाजींनी तिथे चपटा दगड मांडून स्टेशन केले. "जिथं गाडी दमते तिथं स्टेशन," म्हणाले. "इंग्रजांनीबी असंच केलं असन."

गंमत म्हणून केलेल्या लाइनला नियम मात्र खरे होते. गाडी सुटायची असली की पाण्याची घागर घेऊन मला रूळ ओलांडता येत नसे. सासूबाईंच्या कोंबड्या गिट्टी उकरत, म्हणून त्यांच्यावर रोज आरडाओरडा. "सरकारची ड्युटी कमी पडते का तुमाले?" सासूबाई विचारत. "आठ तास लोकांची लाइन पाहता, मंग घरी येऊन हे." मामाजी उकिडवे बसून लहान हातोडीने एकेक चाबी टिचकवत पुढे सरकत. "पक्की चाबी टण म्हनते," त्यांनी मला एकदा सांगितले. "ढिली चाबी भाकर थापल्यावानी आवाज देते. बस, एवढंच शिकाचं असते. बाकी मंग चालनं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला एक काम लावले. मी शाळेत शिकवत असे, म्हणून मला मास्तरीन म्हणत. "मास्तरीन, रोज सांजच्याले कपडे काढाले जाशीन, तवा एक चाबी ढिली करून ठेवत जा. कोनती ते मले सांगू नको." सकाळी ड्युटीवर जायच्या आधी ते फेरा तपासत आणि बरोबर ती चाबी शोधून काढत. मी जामाखाली ढिली करी, मांडवाच्या सावलीत करी, एकदा स्टेशनच्या दगडामागे केली. एकदाही चुकले नाहीत. मला तो खेळ वाटला.

धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी मी विहिरीवर होते. मामाजी मागच्या दाराने आले आणि कुंपणाकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "जयभीम मावशी, कवा आल्या?" कुंपणावर कुणी नव्हते. सासूबाईंचे लुगडे वाळत होते. ते खोकले आणि लाइनीकडे वळले. मी पाहिले हे त्यांना कळले नाही. मग मी नीट लक्ष द्यायला लागले. लख्ख उन्हात ते हात कपाळावर धरून चालत. चहा बशीच्या काठावर ओतत. सांदवाडीत चाबी शोधताना तर त्यांची मान भलतीकडेच असे; हात आणि कान तेवढे खाली. तेव्हा मला कळले की तो खेळ नव्हता. ते रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेत होते आणि पास होऊन कामावर जात होते.

मी कुणाला बोलले नाही. का, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. रेल्वे दवाखान्यात डोळे नापास झाले की लाइनवरून काढतात आणि कुठेतरी बसवतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. सासऱ्याच्या डोळ्यांविषयी सुनेने काय बोलावे, हेही होते. आणि सगळ्यात सोयीचे म्हणजे त्यांची एकही चाबी चुकत नव्हती. मी त्याच्यावर विसंबले. पण शाळेत गेले की माझा जीव थाऱ्यावर नसे. शाळेच्या खिडकीतून पॅसेंजरचा धूर दिसे. तो शेतांपलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. एकदा गाडी पाऊण तास आली नाही. मी चौथीच्या मुलांना सातचा पाढा दोनदा चुकीचा सांगितला आणि मुलांनी तो तसाच म्हटला. इंजिन पाण्यासाठी थांबले होते, एवढेच. पण त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. सांदवाडीतल्या पाचशे चाब्या एकेक करून ठोकता येतात. सहा किलोमीटरमधल्या हजारो चाब्या कुणी एकेक ठोकत नाही. त्या चालता चालता पाहायच्या असतात.

त्या संध्याकाळी मी चाबी ढिली केली नाही. वळणावरच्या लागोपाठ तीन चाब्या मी काढूनच घेतल्या आणि पदराला बांधल्या. जी ढिली आहे ती आवाज देईल. जी नाहीच, ती काय बोलणार?

सकाळी मामाजी फेऱ्याला बसले. टण, टण, टण. वळणावर आले तेव्हा मी दारात उभी होते. हातोडी उचलली, पुढच्या चाबीवर पडली, आणि ते पुढे सरकले. मधल्या तीन जागा त्यांनी नुसत्या ओलांडल्या. फेरा पूर्ण करून गुडघ्यावर हात टेकत उठले. "आज काहून केली नाही, मास्तरीन? विसरली का? सेक्शन फिट आहे." त्यांनी स्प्रिंग गुंडाळली आणि गाडी सोडली. वळणावर पट्टी खाचांतून निसटली आणि इंजिन पितळी चाके वर करून कारल्याच्या आळ्यात पडले. चाके फिरतच राहिली.

ते त्या जागी बसले आणि बोटांनी स्लीपर चाचपले. एक रिकामी खाच, दुसरी, तिसरी. मी पदराची गाठ सोडून तिन्ही चाब्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"कवापासून मालूम होतं?"

"धान निघालं तवापासून."

"तीन महिने." त्यांनी मूठ मिटली. मला वाटले, माझ्यावर ओरडतील, फसवलेस म्हणतील. ते हळूच बोलले आणि ते जास्त वाईट होते. "तुहा नवरा रोज त्या गाडीत बसते. ढिली चाबी पाहून जो मानूस न बोलता पुढं जाते, त्याच्यासंग गँगमधी कोनी भाकर खात नाही, पोरी."

"तुमाले त माह्या आधी मालूम होतं, मामाजी," मी म्हणाले.

"हो. म्हनून दोघाईची गोष्ट करून राहिलो."

त्यांनी कामावरचा निळा सदरा घातला. हातोडा खांद्यावर घेतला नाही, दाराआड ठेवला. मला म्हणाले, "संग चाल. मीच सांगीन. पन मंधातच माहं मन फिरलं, त तू सांगजो." सासूबाई विचारत राहिल्या, "कुठं चालले दोघं?" आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो.

लाइनीच्या साहेबांचे ऑफिस स्टेशनला लागूनच होते. मामाजी दारातूनच म्हणाले, "साहेब, मले दिसत नाही. आज माझ्या तुकड्यावर दुसरा मानूस धाडा." साहेबांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी विचारले, "कधीपासून?" मामाजी माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "तीन महिने तरी झाले, साहेब." माझा आवाज मला शाळेतल्यासारखाच, खणखणीत वाटला.

पॅसेंजर तोवर फलाटाला लागली होती. साहेबांनी गँगच्या मुकादमाला माणसे घेऊन पुढे धाडले, आणि गाडी त्या तुकड्यावरून अगदी हळू न्यायचा हुकूम ड्रायव्हरच्या हातात दिला. खिडकीतून यजमानांनी आम्हाला पाहिले. "तुम्ही इकडे कुठे? घरी बरं आहे ना?" मी म्हणाले, "बरं आहे. जा तुम्ही." याहून मोठे खोटे मी आजवर बोललेली नाही. गाडी माणसाच्या चालीने निघाली. मामाजी फलाटाच्या टोकापर्यंत गेले आणि मान खाली घालून ऐकत उभे राहिले. धूर दिसेनासा झाला तरी उभे होते. शेवटी स्टेशनमधला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "पुढच्या स्टेशनात पोचली." तेव्हा ते खाली बसले, तिथेच, उन्हात.

मुकादम दुपारी परतला आणि साहेबांच्या खोलीत गेला. मामाजींना आत बोलावले. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "काय पाहिलं त्याईनं?"

"लाइन पाहिली," मामाजी म्हणाले, आणि हात धुवायला गेले. त्यापुढे त्यांनी कधी काही सांगितले नाही. यजमानांनी विचारले नाही. मीही विचारले नाही. मला उत्तर नको होते.

नोकरी गेली नाही. त्यांना स्टेशनवर पाणी भरायच्या कामाला लावले. मोतीबिंदूचे ऑपरेशन नागपूरला झाले आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. जुनी गँग फलाटावरून जाताना त्यांच्याकडे थांबून पाणी पिई आणि डब्यातली भाकर त्यांच्यापुढे धरी. ते घेत, पण प्रत्येक वेळी आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघत.

सांदवाडीतली लाइन त्यांनी बंद केली नाही. उलट आणखी दहा वर्षे चालवली. फक्त तपासणी माझ्याकडे आली. शाळेत जायच्या आधी मी फेरा पाहिल्याशिवाय ते स्प्रिंगला हात लावत नसत. "पाहिलं का? डोळ्यानं पाहिलं, का नुसतं हो म्हनून राहिली?" पावसाळ्यात गिट्टी वाहून जाई, उंदीर स्लीपरखाली बिळे करत, सागाला वाळवी लागे. मी कुरकुर करत का होईना, सगळे दुरुस्त करायला शिकले. ते रिटायर झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी, पोळ्याच्या सुमारास, चार दिवसांच्या तापात गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी लाइन उखडली. पट्ट्या गंजल्या होत्या, त्या भंगारात दिल्या. स्लीपर चुलीत गेले. यजमानांना ते आवडले नाही. पण कुणी तपासायला नसलेली लाइन ठेवू नये, असे माझे मत होते आणि आहे.

मामाजी होते तेव्हा चष्मा तपासायला मी त्यांना दरवर्षी नागपूरला नेत असे. पॅसेंजरने वरठी सोडली की गप्पा मारता मारता ते एकदम थांबत. दोन्ही तळवे बाकावर उपडे ठेवत, मान खाली, ओठ मिटलेले. सासूबाईंनी पुढे केलेला चिवडासुद्धा दिसत नसे. तेवढ्यापुरते आम्हीही कुणी बोलत नसू. तो सहा किलोमीटरचा तुकडा संपला की मान वर करत आणि विचारत, "हं, काय म्हनत होती?"

मागच्या महिन्यात यजमान आणि मी नागपूरला चाललो होतो. आता इंजिन विजेचे आहे आणि स्लीपर सिमेंटचे. गाडी सुटल्यावर हे ऑफिसातले काहीतरी सांगत होते. मी हात वर केला आणि त्यांना थांबवले. ते थांबले, काही न विचारता खिडकीबाहेर बघू लागले. माझे तळवे बाकावर होते. खालून येणारा आवाज एकसारखा होता, पण मला त्या आवाजातले फार कळत नाही.

तुकडा संपल्यावर मी म्हणाले, "हं, बोला."