बारा शब्दांचा कागद

खासबाग या विणकरांच्या वस्तीतल्या आमच्या मागावरच्या साड्या वडिलांनी ठेवलेल्या एका नावानं विकल्या जातात. नजर अधू झाल्यापासून वडील विणत नाहीत, पण नाव चालतं. त्या नावाची वेबसाइट आहे. दरवर्षी पैसे भरले की ती चालू राहते आणि काही अडलं तर कंपनीला फोन करता येतो. पण वडिलांचं नाव असं भाड्याच्या घरात राहावं, हे माझ्या मनाला लागायचं. म्हणून तेच नाव मी ब्लॉकचेनवरही घेतलं. तिथं एकदाच पैसे मोजायचे. नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर राहते, ती कुणाला खोडता येत नाही. साध्या ब्राउझरमध्ये हे नाव उघडतच नाही, असं मित्रांनी हसत हसत दाखवून दिलं. मला फिकीर नव्हती. सरकारी पाट्यांवर आपल्याच गावाचं नाव बदलताना पाहिलेला माणूस मी, न बदलणाऱ्या नावाचं मला भारी अप्रूप.

त्या नावाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याच्याकडे शब्द, त्याचं नाव. माझ्या हातून कागद टिकत नाहीत, म्हणून ते लिहून मी आईकडे दिले. घरात याच्याइतकं जपायचं दुसरं काही नाही, असं तिला बजावलं. कुणाला दाखवू नकोस, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

खंडेनवमीला माग बंद होता. आईनं तो पुसला, धोट्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले आणि शेजारी तो कागद उलगडून ठेवला. वहिनीनं पूजेचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. मी संकेश्वरला गेलो होतो. परतताना बसमध्ये फोटो दिसला, त्यात बाराही शब्द स्पष्ट वाचता येत होते. फोटो पुढं कुणाकुणाकडे गेला देव जाणे; घरी पोचून तपासलं, तोवर नाव कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात गेलं होतं. तक्रार करायला कचेरी नाही, फोन करायला कंपनी नाही. याचंच तर मी गावभर कौतुक सांगत फिरलो होतो.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पूजेला आलेल्या बायकांदेखत मी आईला अडाणी म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, "तूच म्हणालतास न्हवं, ह्याच्याइतकं जपायचं घरात काय न्हाय म्हणून? मग पूजेत न्हाय तर कुठं ठेवू रं?"

वडिलांना सगळं सांगितलं, तर त्यांनी साड्या खपतायत का एवढंच विचारलं. खपत होत्या. वेबसाइटही चालू होती. गेलेल्या नावाचं दुःख महिन्याभरात ओसरलं. त्या एका शब्दाची लाज मात्र वाटत राहिली. मी आईची माफी मागितली. असू दे म्हणून ती भांडी घासायला बसली.

यंदाच्या खंडेनवमीला मी मागाशेजारी माझा लॅपटॉप ठेवला. आई करंडा घेऊन आली, कुंकवात बोट बुडवलं आणि तशीच थांबली. लग्न होऊन आल्यापासून या घरातली पूजा तीच करते, कशाला कुंकू लावायचं हे तिनं कधी कुणाला विचारलेलं नाही.

"ह्याला लावू का?" तिनं मला विचारलं.