खोडलेलं कलम

कोर्टातल्या वकिलांच्या बार लायब्ररीत ग्रंथपाल सावंतकाका कायद्याच्या पुस्तकातलं एक कलम पट्टी धरून लाल पेनानं खोडत होते. आदल्या दिवशी हायकोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं होतं. विधिमंडळाचा कायदाही तपासून रद्द करायचा अधिकार घटनेनंच कोर्टाला दिलाय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

“म्हणजे हे कलम पहिल्यापासून नव्हतंच म्हणायचं, वकीलबाई,” काका म्हणाले.

याच कलमाखाली माझ्या एका अशिलाला शिक्षा झाली होती. तो तुरुंगातच वारला. शिक्षा सुनावली त्या दिवशी त्यानं विचारलं होतं, “बाई, खरंच असं लिहिलंय का?” मी हेच पान उघडून ओळीवर बोट ठेवलं होतं. त्यानं मान डोलावली होती.

“काका,” मी म्हटलं, “वाचता येईल असं खोडा.”