बाही वर कर

"ही उसातली आहे. जाड कातडीची. हिच्यावर शिका."

मोठ्या डॉक्टरने हे फ्रेंचमध्ये म्हटलं. मला फ्रेंच कळतं हे त्याला माहीत होतं. म्हणूनच म्हटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भारतात डॉक्टरकी शिकून मी मॉरिशसला परत आले होते. नेमणूक देण्याआधी वॉर्डातच नव्या डॉक्टरांची तयारी करून घ्यायची रीत होती. एकमेकांच्या हाताला सुई टोचायची, रक्त काढायचं, सलाइन लावायचं. एकमेकांच्या. पण बाकीचे पॅरिसहून, लंडनहून आलेले. साखर कारखानदारांची, बड्या वकिलांची पोरं. मी बों अक्योय गावच्या ऊसतोड्याची मुलगी. त्यांनी टोचायचं, मी बाही वर करायची. माझी पाळी आली की मोठा डॉक्टर घड्याळ बघायचा. "उद्या."

तो उद्या आलाच नाही. दोन्ही हात काळेनिळे झाले. नेमणूक त्याच्याच हातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

घरी आईने हात पाहिले. "कोनी मारलान गो?"

"मारलं नाही. शिकतायत."

"शिकतात ते, नि हात तुझाच कशाला?"

सकाळी बसमध्ये तेच डोक्यात. इस्पितळाच्या दारापर्यंत तेच.

मोठ्या डॉक्टरने माझ्याकडे बोट केलं. "बाही वर कर."

मी बाही खाली ओढली. बटण लावलं. दंडाला बांधायची रबरी नळी उचलून त्याच्यासमोर धरली आणि सगळ्या वॉर्डाला कळावं म्हणून क्रेओलमध्ये म्हटलं, "आस्तेर दोन ऊ लेब्रा, दोक्तेर." आता तुमचा हात द्या.

कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा फिस्सकन हसला. मोठा डॉक्टर लालबुंद. "सोर्ती!" चालती हो.

झाले. त्याने मला दूर माएबूर्गच्या इस्पितळात फेकलं. तिथल्या नर्सांनी आपले हात दिले, मी माझा दिला. शिकले.

ऐंशीच्या दशकात मी त्याच वॉर्डात परतले. आता नव्या डॉक्टरांची तयारी मी करून घेते. पहिला हात माझा. मग सगळ्यांचे, पाळीपाळीने. कुणाचा बाप कोण, मी विचारत नाही.

आणि एक दिवस तोच आला. निवृत्त. रस्त्यात चक्कर येऊन पडलेला. नाहीतर असली माणसं सरकारी खाटेवर कशाला येतील? सलाइन लावायचं होतं. त्याने मला ओळखलं. "कुणी अनुभवी बोलवा," म्हणाला.

त्रियोले गावच्या एका ऊसतोड्याच्या मुलीला मी पुढे केलं. नवी डॉक्टर. पेशंटवर तिची पहिलीच सुई.

"बाही वर करा, डॉक्टर," मी म्हटलं. फ्रेंचमध्ये.

केली त्याने. पोरीला पहिल्याच फटक्यात शीर सापडली. खरं सांगते, मला जरा वाईटच वाटलं.

"मेर्सी," त्याने पुटपुटत आभार मानले. मी पुढच्या खाटेकडे वळले.

बरा होऊन घरी जाईल तो. जाऊ दे. माफी मिळणार नाही. उद्या त्याची नातवंडं डॉक्टर होऊन माझ्याकडे आली तर शिकवीन, नीट शिकवीन. पण सुई ऊसतोड्यांच्या पोरी धरतील. तेवढ्यापुरती माझी रीत मोडीन, आधी बाही वर करतील ती त्याची नातवंडं.