सकाळपासून नव्हे, दहा बेचाळीसनंतर

“सकाळपासूनच आहे, साहेब,” जेठांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावांनी, डॉक्टरांना सांगितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात ह्यांचा सीटी स्कॅन, म्हणजे मेंदूचा फोटो, नुकताच झाला होता. डॉक्टर म्हणाले, इस्केमिक स्ट्रोक आहे. मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, थ्रोम्बोलिसिस म्हणतात त्याला. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्रावाचं भय. म्हणून ते एकच विचारत होते, त्रास कधी सुरू झाला? जेठांचं उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. “मग वेळ गेली.”

जेठ सकाळी ह्यांच्याजवळ नव्हतेच. पण आमच्यात कोणालाही विचारलं तरी सांगणार मोठेच, माहीत असो नसो. आणि त्यांच्यासमोर सुनेनं बोलायचं नाही. बावीस वर्षं मी तो नेम पाळला. काय मिळालं पाळून?

मजुरांनी ह्यांना केळीच्या बागेतून गावातल्या शनवारा भागातल्या घरी आणलं तेव्हा तोंड वाकडं, उजवा हात लुळा. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. तरी जेठ म्हणाले, लकवा आहे, मालिशवाल्याकडे चला. गाडी तापी ओलांडून जैनाबादला गेली. तिथं तासभर गरम तेल चोळत होते, फरक पडेना तेव्हा कुठं गाडी दवाखान्याकडे वळली. मी मागच्या सीटवर ह्यांचं डोकं धरून बसले होते, गप्प. त्याचा मला माझाच राग येतो.

मी पदर मागे सारला आणि पुढे झाले.

“डॉक्टर, सकाळपासून नाही. ह्यांनी मला बागेतून फोन केला होता, डब्यात ठेचा दे म्हणून. चांगलं ठणठणीत बोलले. हा बघा फोन.”

दहा बेचाळीस. घड्याळात तेव्हा सव्वा वाजला होता. जेठ माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच काही गुन्हा केला. डॉक्टर मात्र माझ्याशीच बोलू लागले. धोका समजावला, सही माझी घेतली. तासभर ते औषध सलाईनमधून जात राहिलं. संध्याकाळी ह्यांनी माझं नाव घेतलं, बोबडं, पण माझंच. मी भिंतीला टेकून रडले.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरायची नाही. बायांनो, तुमच्या माणसाचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ बघा, थेट दवाखाना गाठा, आणि वेळ ज्याला ठाऊक त्यानंच सांगावी. मग समोर जेठ असोत की सासरे.

आता पाहुणे आले की जेठ सांगतात, आम्ही अगदी वेळेवर नेलं. मी चहा ठेवते आणि त्यांच्यासमोरच म्हणते, “वेळेवर नाही, दादा. जैनाबादला तास घालवून.”

हे उजव्या हाताची मूठ वळून दाखवतात. ती अजून पुरती वळत नाही.